रोस्टर लावणाऱ्याला कसं कळणार माणूस थकलाय की नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, कापायचं तर कापा पण मधला भाग तेवढा ठेवा ही विनंती. मी इंदिरानगरला राहतो, ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे लढाऊ विमानांच्या सरकारी कारखान्यात, फिटर म्हणून ३३ वर्षं काढली, आधी मिग आणि नंतर सुखोई, आता रिटायर आहे. मुलगा एका विमान कंपनीत कॅप्टन आहे, एअरबस उडवतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, तो प्रश्न एका कंपनीचा नाहीच.

सकाळी गोल्फ क्लब ग्राउंडवर फिरायला जातो तिथे आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे. डिसेंबर २०२५ मध्ये पायलटच्या विश्रांतीचे नवीन नियम लागू झाल्यावर ती हजारो उड्डाणं रद्द झाली ना, लोक एअरपोर्टवर बॅगांवर झोपले, तेव्हापासून तिथे एकच सूर, की या पायलट लोकांना लाखांनी पगार आणि वर आराम पण पाहिजे, त्यांच्या आरामापायी पब्लिकचे हाल. माझ्या तोंडावर बोलतात, मुलगा पायलट आहे हे माहीत असून. मला राग येतो, पण तिथे भांडण्यापेक्षा म्हटलं पेपरात लिहावं, चार लोक वाचतील.

मागच्या महिन्यात एका रविवारी मुलगा घरी होता आणि त्याचे दोन मित्र पण आलेले, एक कॅप्टन आणि एक फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. मिसळ झाली, पापड झाला, चहाचा दुसरा राउंड सुरू झाला आणि तिघांचा विषय निघाला की आपण तिघांनी मिळून एक छोटं विमान घ्यायचं का, सेकंडहँड, घरच्यांना घेऊन फिरायला. मला आधी गंमत वाटली, म्हटलं दिवसभर विमानच चालवता आणि सुट्टीत पण विमानच. तर फर्स्ट ऑफिसर म्हणाला, काका, त्या मोठ्या विमानात आमच्या घरचे कधी शेजारी नसतात हो, दाराच्या मागे असतात. त्याचं ट्रेनिंग अमेरिकेत झालंय. तिथे त्याला शिकवणारा आता मोठ्या एअरलाईनमध्ये आहे आणि त्याच्याकडे दोन मित्रांबरोबर भागीदारीत चार सीटचं विमान आहे, शनिवारी बायको-मुलांना घेऊन जातो आणि रविवारी परत. तिथे साध्या माणसाला उतरता येईल अशी पाचेक हजार विमानतळं आहेत म्हणे, गावाच्या कडेला एक धावपट्टी आणि एक पेट्रोलचा पंप.

मग तिघांची जी चर्चा झाली ती मी शब्द न् शब्द ऐकली, कारण विमान म्हटलं की माझा जीव अडकतो. एकाचं म्हणणं सेसना १७२ घ्यावं, १९५६ पासून बनतंय, ४४ हजारांच्या वर बनली, कुठलाही मेकॅनिक हात लावू शकतो. दुसऱ्याचं म्हणणं सिरस, कारण त्याला अख्ख्या विमानाचं पॅराशूट असतं आणि त्याची बायको त्याशिवाय बसणार नाही. आमच्या चिरंजीवांना सहा सीटचं पाहिजे होतं, जुनं पायपर किंवा बोनान्झा, कारण आई-बाबांना पण न्यायचंय म्हणाला. हे ऐकून सौ. आत गेली, डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या.

सेसनाला चार सीट आहेत पण चार सीट म्हणजे चार माणसं असं नसतं. मुलाने बाथरूममधला वजनकाटा ओट्यावर आणून ठेवला आणि एकेकाला उभं केलं. तो स्वतः ८४, सूनबाई ६२, नातू ३८, नात २४. सूनबाईंचं माहेर कोल्हापूरचं, तिकडे जाताना नेहमी द्राक्षं न्यायची असतात म्हणून पाच-पाच किलोच्या दोन पेट्या पण काट्यावर ठेवल्या, बॅगा २८ किलो. सगळं मिळून २४६. सेसना स्वतःचं वजन सोडून साधारण ४०० किलो उचलतं, टाक्या फुल केल्या तर २०० लिटरचे १४५ किलो त्यातच गेले, उरले २५५. म्हणजे ९ किलो शिल्लक आणि आजी-आजोबा घरी. बरं टाकी अर्धी भरू म्हणावं तर ते विमान एव्हगॅसवर, म्हणजे विमानांच्या खास पेट्रोलवर चालतं आणि एव्हगॅस प्रत्येक एअरपोर्टवर मिळत नाही, येतानाचं इंधन जातानाच घेऊन जावं लागतं. आपल्याकडे ते २०२२ पासून बनायला लागलं, त्याआधी बाहेरून यायचं. म्हणून मग डायमंडच्या डिझेल इंजिनवाल्या विमानाचं निघालं, ते जेटच्याच इंधनावर चालतं. ओझर आधीच ६०० मीटर उंचीवर, वर ऊन म्हणजे हवा विरळ, मग एप्रिलच्या दुपारी भरलेलं सेसना किती धावून उचलेल यावर अर्धा तास गेला. ओझरची पट्टी तीन किलोमीटर आहे म्हणून तिथे काळजी नाही, पण जिथे जायचं तिथली पट्टी छोटी असली तर?

नाशिक-कोल्हापूर सरळ रेषेत ३६५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पावणेदोन तास. गाडीने आमचा अख्खा दिवस जातो.

आणखी एक गोष्ट मला नवीन कळली. मोठं विमान उडवणाऱ्याला छोटं आपोआप येत नाही. एअरबसमध्ये पायलट जमिनीपासून बराच वर बसलेला असतो, तीच सवय सेसनात आली की उतरताना तो फार लवकर नाक उचलतो आणि विमान वरून आपटतं. पाय पण आळशी झालेले असतात, रडर म्हणजे पायाने चालवायचं शेपटीचं सुकाणू, ते जेटमध्ये एवढं लागत नाही आणि सेसनात पॉवर दिली की लगेच उजवा पाय लागतो. त्यामुळे तिघांनी ठरवलं की आधी धुळ्याला किंवा शिरपूरला जाऊन इन्स्ट्रक्टरबरोबर बसायचं आणि मग दर दोन आठवड्यांनी तरी सराव करायचा. मी पण माझं सांगितलं, की ही लहान पिस्टन इंजिनं उभी राहिली की आतून गंजतात, वरती कॅमशाफ्टला तेलच राहत नाही. २००० तासांना ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून दुरुस्ती, लिहिलेलं असतं पण ते रोज उडणाऱ्या इंजिनाचं, शेडमध्ये पावसाळाभर झाकून ठेवलेल्याचं नाही. तुम्हाला उडवायला वेळ आहे का तेवढं सांगा, विमान मी सांभाळतो म्हटलं.

तर मग त्यांनी तिघांचे मोबाईल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि त्या महिन्याचे रोस्टर, म्हणजे कंपनीने लावलेली ड्युटीची वेळापत्रकं, उघडले. मी चष्मा लावून बघत होतो. तिघांना एकत्र मिळणारा एकही दिवस नव्हता. बरं प्रत्येकाचे जे ऑफ होते त्यातला पहिला दिवस तर झोपेतच जातो, पहाटे चारला ड्युटी संपलेला माणूस त्या दिवशी ऑफवर आहे असं म्हणायला काही अर्थ नाही. स्टँडबाय असला की मुलाला मुंबईतच राहावं लागतं, बोलावलं की पोचलं पाहिजे, कसारा घाट उतरून कोण वेळेत पोचणार? आणि छापलेलं रोस्टर तसंच राहील याचा पण भरवसा नाही. त्याच रविवारी साडेतीन वाजता मुलाचा फोन वाजला, मंगळवारचा ऑफ गेला. मंगळवारी नातीचं शाळेत गॅदरिंग होतं. ती तिथेच बसून चित्र रंगवत होती, तिने मान वर करून बापाकडे बघितलं आणि परत रंगवायला लागली. काही बोलली नाही. सहा वर्षांची आहे.

मित्र गेल्यावर मी मुलाला म्हटलं, समज विमान घेतलं, आणि असा एखादा ऑफ मिळाला पण तू आदल्या रात्री दोन लँडिंग करून आलायस, तर मुलांना घेऊन उडशील का? तो लगेच म्हणाला, नाही बाबा, अजिबात नाही, झोप झाली नसेल तर चावीला हात लावणार नाही. मी म्हटलं मग तशाच अवस्थेत १८० लोकांना घेऊन उडतोस ते? तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, तिथे आम्ही दोघं असतो. मग परत थोड्या वेळाने म्हणाला, छोट्या विमानात मी ठरवतो ना, इथे रोस्टर ठरवतं, आणि मी दोनदा थकलोय म्हणून लिहून दिलं की तिसऱ्यांदा मला बोलावून विचारतात.

संपादक साहेब, मला एवढंच लोकांपुढे ठेवायचंय. जो माणूस स्वतःच्या पोरांच्या बाबतीत एका सेकंदात नाही म्हणतो त्याला दुसऱ्यांच्या पोरांच्या बाबतीत नाही म्हणायची मोकळीक पाहिजे. ती लाड म्हणून नाही.

ज्याच्यावरून एवढा गदारोळ झाला ते नवीन नियम काय आहेत ते तरी बघा. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांची ४८ तास केली, रात्र पहाटे पाचपर्यंत मोजायची ती सहापर्यंत केली, एका पायलटला रात्री सहा लँडिंग करता यायची ती दोनवर आणली. नियम जानेवारी २०२४ मध्ये आले आणि पूर्ण लागू झाले नोव्हेंबर २०२५ ला. मधे पावणेदोन वर्षं होती पायलट भरती करायला. पुरेशी भरती झाली नाही, उड्डाणं वाढवली आणि मग रद्द करायची वेळ आल्यावर दोष आला आरामावर. लगेच एका मोठ्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली, आणि साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरायची नाही हा जो नियम होता तो पण ५ डिसेंबरला मागे घेतला. म्हणजे माणसाने रजा टाकायची आणि तीच त्याची विश्रांती म्हणून मोजायची. आमच्या कारखान्यात हे कोणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेट बंद झालं असतं.

मंगळुरूचा २२ मे २०१० चा अपघात आठवत असेल. १५८ माणसं गेली. चौकशीत निघालं की कॅप्टन त्या उड्डाणात दीड तासाच्या वर झोपलेला होता आणि उतरायच्या आधी जागा झाला. त्या माणसाला मी नावं ठेवत नाही. अर्धवट झोपेतून उठलेल्या माणसाची बुद्धी चालायला वेळ लागतो, हे नाईट शिफ्ट केलेल्या कुणालाही विचारा. मी स्वतः थर्ड शिफ्टला पहाटे चार वाजता टॉर्क दिलेला, म्हणजे ठराविक जोराने आवळलेला, बोल्ट परत परत चेक केलेला आहे, कारण दिला की नाही तेच आठवायचं नाही. मला तिथे थांबून परत चेक करता यायचं, धावपट्टीवर उतरताना थांबता येत नाही. अमेरिकेत फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ विमान पडलं, ५० जण गेले, त्यानंतर मेलेल्यांच्या घरचे लोक वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागले आणि ड्युटीचे नियम बदलून घेतले. तिकडे प्रवाशांची माणसं पायलटच्या झोपेसाठी लढली, आणि इथे माझे फिरायला येणारे मित्र म्हणतात आराम कमी करा.

माझं मागणं फार नाही. रोस्टर एकदा लागला की ऑफला हात लावायचा नाही, लावायचाच तर पायलटने हो म्हटल्यावर. थकलोय म्हणून लिहून देणाऱ्याला ऑफिसात बोलावायचं नाही. आणि कंपन्यांनी दर तीन महिन्यांनी थकव्याचे जे रिपोर्ट सरकारला द्यायचे आहेत ते पेपरात येऊ द्या, किती जणांनी लिहिलं आणि त्यावर काय केलं. आमदार-खासदार सिंहस्थासाठी ओझरहून जास्त उड्डाणं मागतायत, मागू देत, मला पण पाहिजेत, पण उडवणारी माणसं किती वाढवणार ते पण त्याच दमात विचारा.

विमानाचं सध्या राहिलंय. वजनाचा कागद सौ. ने फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवलाय, त्यात मुलाने खाली आमच्या दोघांची पण वजनं लिहिलीत, ७१ आणि ५८. सूनबाईंच्या वडिलांची पंचाहत्तरी १९ तारखेला कोल्हापूरला आहे. मुलाला १८ आणि १९ ऑफ लागलेत. गाडीने जाणार आहोत, पहाटे पाचला निघायचं ठरलंय, आज १४ तारीख आहे आणि अजूनपर्यंत तरी फोन आलेला नाही.

आपला,
एका वैमानिकाचे वडील
इंदिरानगर, नाशिक