ओरेगॉन ट्रेलचं टिपण करून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

डेन्व्हर परिसरातल्या मराठी कुटुंबांसाठी तुम्ही ओरेगॉन ट्रेलवरच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांनी पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांच्या वाटेवरच्या, ठिकाणांचं टिपण करून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ते इतक्या घरांत फिरलंय की पत्रही उघडच लिहितो आहोत.

पहिलीच सूचना लाखमोलाची: वाटेवरचा जुना किल्ला फोर्ट लॅरमी म्हणजे लॅरमी शहर नव्हे. नावाला फसून शहर गाठलं की शंभरेक मैलांचा हेलपाटा!

किल्ल्याआधी गर्न्झी गावाजवळच्या चाकोऱ्या, म्हणजे खडकात पडलेले चाकांचे माग, बघा, हेही तुमचंच. नदीकाठाने वाट नसल्याने गाड्या खडकावर चढायच्या, त्याही सगळ्या एकाच जागेवरून. वालुकाश्म मऊ, त्यामुळे चाकोऱ्या कुठेकुठे पाच फूट खोल गेल्या. जवळच्या रजिस्टर क्लिफ या कड्यावरची स्थलांतरितांनी कोरलेली नावं सकाळच्या तिरक्या उन्हात नीट वाचता येतात, भर दुपारी नाही.

स्कॉट्स ब्लफ या स्मारकस्थळी मांडलेली गाडी कशी बघायची, हा टिपणाचा सर्वात सरस भाग. पुढची चाकं लहान, म्हणजे गाडी वळताना पेटीला अडत नाहीत. मग धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) आणि पुठ्ठे (तिच्या आतल्या लाकडी कड्याचे तुकडे) यांच्यातल्या फटी. कोरड्या हवेत लाकूड आकसलं की लोखंडी धाव सैल पडते, आरे खिळखिळे होतात. म्हणून फटीत पाचरी ठोकायच्या, मुक्कामी चाकं नदीत भिजत ठेवायची. मागे टांगलेली बादली वंगणाची, डांबर आणि चरबीची. मुलं तिला हमखास पाण्याची समजतात.

वजनाचा हिशेबही चोख दिलात. पेटी साधारण दहा फूट लांब, चार फूट रुंद. माल टनभर, त्याहून जास्त नको. माणशी 200 पौंड पीठ धरलं तर चौघांच्या पिठातच 800 पौंड संपले. वर शेगडी, कपाटं लादली की बैल थकून मरायचे. मग तेच सामान फोर्ट लॅरमीच्या आसपास फेकून द्यायची वेळ यायची. आणि या वाटेवर मूळ टोळ्यांच्या हल्ल्यांपेक्षा कॉलऱ्याने कितीतरी जास्त माणसं मेली, हे तुम्ही ठळक अक्षरांत लिहिलंत ते बरं केलंत. सिनेमा बघून आलेल्यांना ते सांगावंच लागतं.

अमेरिकी सरकार आणि मूळ टोळ्या यांच्यातल्या 1851 च्या कराराचं पानही गाळू नये असं. करार फोर्ट लॅरमीच्या नावाचा, पण किल्ल्याजवळ एवढ्या घोड्यांना गवत पुरेना, म्हणून बैठक हॉर्स क्रीकला भरली. मूळ टोळ्यांना वर्षाला 50,000 डॉलर किमतीचा माल 50 वर्षं द्यायचं ठरलं होतं. सिनेटने नंतर ती मुदत 10 वर्षांवर आणली. हे वाचून गेलेला माणूस बराकींपाशी फोटो काढून परत फिरत नाही, प्रश्न विचारतो.

एक विनंती. याच वाटेवरच्या इंडिपेंडन्स रॉक या खडकाचंही असंच टिपण द्याल का? स्थलांतरितांनी 4 जुलैपर्यंत तो गाठला नाही तर पुढे डोंगरात बर्फ गाठायचा धोका असे, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तिथली कोरलेली नावं शोधायला कुठल्या बाजूने चढावं, ते तुम्हीच सांगावं.

आपली,
डेन्व्हरकर मराठी मंडळी