पक्याला पत्र: अलास्काच्या जहाजावर बाल्कनी कुठली घ्यायची

प्रिय पक्या,

तुझा मेसेज आणि तुम्ही दोघं नि काका-काकू अशा चौघांच्या अलास्का क्रूझसाठी एजंटने पाठवलेले तीन केबिनचे ऑप्शन, दोन्ही नीट बघितले. फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच "बरं ठीके, बघतो" म्हणून विषय बदलणार, म्हणून लिहूनच पाठवतोय. लांबलचक झालंय, चहा घेऊन बस, आणि वाचून झालं की वहिनींनाही दे कारण शेवटी निर्णय त्याच घेणार हे आपल्या दोघांनाही माहितीये.

पहिली गोष्ट, तो पंधराव्या डेकवरचा "प्रीमियम लोकेशन" वाला ऑप्शन डोक्यातून काढून टाक. तुम्हा ठाणेकरांना सवय झालीये ना, बिल्डर प्रत्येक मजल्यामागे फ्लोअर राइज लावतो आणि आपणही मान डोलावून देतो कारण वरती हवा, उजेड, व्ह्यू. जहाजवाले पण तसेच पैसे लावतात, पण समुद्रावर वरचा मजला म्हणजे चांगला मजला असं काही नसतं. त्या केबिनच्या डोक्यावर काय आहे बघितलंस का? बुफे आणि स्विमिंग पूल, म्हणजे लिडो डेक. रात्री उशिरापर्यंत तिथे माणसं, आणि पहाटे पाचला स्टाफ खुर्च्या सरकवायला लागतो, ट्रॉल्या फिरतात, फरशी घासतात. माझ्या सासू-सासऱ्यांना एकदा अशीच खोली मिळाली होती, जहाजाचं नाव नको, सासूबाई चौथ्या दिवशी म्हणाल्या, इथे झोपण्यापेक्षा वर जाऊन त्यांना खुर्च्या लावू लागते.

नेहमी क्रूझ करणारे लोक एक साधा नियम सांगतात आणि मला तो शंभर टक्के पटतो: वरच्या डेकवर पण केबिन आणि खालच्या डेकवर पण केबिन, अशी मधली खोली घ्यायची. केबिनमधले लोक रात्री झोपतात, बास एवढंच लॉजिक आहे. एजंट फक्त तुझ्या डेकचा नकाशा पाठवणार. तू कंपनीच्या साइटवरून सगळ्या डेकचे प्लॅन उतरवून घे आणि आपल्या केबिनच्या बरोब्बर वर आणि बरोब्बर खाली काय येतंय ते बोट ठेवून बघ. थिएटर, नाइटक्लब, जिम, किचन, काहीही नको. आणि नकाशात जिथे काहीच लिहिलेलं नसतं, नुसती पांढरी जागा, तिथे बहुतेक वेळा स्टाफचं सर्व्हिस पॅन्ट्री वगैरे काहीतरी असतं आणि दारं धाडधाड वाजतात, त्याच्या शेजारची पण नको.

दुसरा ऑप्शन, तो अगदी पुढचा, नाकाजवळचा. तो काकांसाठी नकोच. आंबा घाटात त्यांची काय अवस्था व्हायची ते मी विसरलेलो नाहीये. जहाज हलतं ते मुख्यतः दोन तऱ्हेने, एक म्हणजे डावी-उजवीकडे डोलतं आणि दुसरं म्हणजे नाक वर-खाली होतं. डोलणं कमी करायला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, स्टॅबिलायझर म्हणतात, ते बऱ्यापैकी काम करतात. पण नाक वर-खाली होतं त्याला हे पंख फारसं काही करू शकत नाहीत, आणि ते सगळ्यात जास्त जाणवतं पुढच्या आणि मागच्या टोकाला. जहाजाची मधली जागा त्या मानाने जवळजवळ स्थिर असते. आणि जितकं उंच जाल तितकं डोलणं जास्त. म्हणजे काकांसाठी मधोमध आणि फार वर नाही, हे फिक्स.

तू म्हणशील अलास्का तर बेटांच्या आतून आतून जातात ना, तिथे कसल्या लाटा. अरे व्हँकुव्हरहून निघणाऱ्या बोटी आतून जातात. तुझी सिएटलहून आहे, आणि सिएटलवाल्या बहुतेक बोटी व्हँकुव्हर आयलंडच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. पहिली रात्र आणि दुसरा दिवस तिथेच, कधी कधी चांगले हेलकावे बसतात. नंतर जुनो, स्कॅगवे, केचिकन या बंदरांच्या पट्ट्यात पाणी शांत असतं. आलेपाकाच्या वड्या आणि ॲव्होमिन घेऊन ठेव, पण काकांच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत तर आधी डॉक्टरांना विचार.

आता काकूंचे गुडघे. ही जहाजं तीनशे मीटर लांब असतात, एका टोकाच्या खोलीतून दुसऱ्या टोकाच्या डायनिंग रूमला जायचं म्हणजे रोज दोन-चार चकरा आणि तो कॉरिडॉर संपता संपत नाही. मधल्या लिफ्टपासून पाच-सहा दारं लांब अशी खोली बघ. लिफ्टच्या अगदी समोरची नको, तिथे रात्रभर गप्पा चालतात लोकांच्या. खोलीत मधे दार असलेली कनेक्टिंग केबिन पण टाळ, त्या दारातून शेजारचा टीव्ही ऐकू येतो. दोन्ही खोल्या तुमच्याच असतील तरच घे.

तू सगळ्यात जास्त डोकं लावलंयस ते डावी बाजू की उजवी बाजू यावर, आणि तिथेच सगळ्यात कमी लावायला पाहिजे. एकाच दिशेने जाणारी ट्रिप असती, व्हँकुव्हरहून निघून वर सीवर्ड किंवा व्हिटियरला उतरायचं, तर मी म्हटलं असतं उजवी घे, वर जाताना किनारा उजवीकडे राहतो. पण तुम्ही सिएटलहून जाऊन सिएटललाच परत येणार, जाताना जी बाजू समुद्राकडे ती येताना किनाऱ्याकडे. आणि ज्या दिवसासाठी एवढे पैसे घालतोयस, ग्लेशियर बेचा, म्हणजे नॅशनल पार्कमधल्या त्या हिमनद्यांच्या खाडीचा दिवस, त्या दिवशी तर प्रश्नच नाही. तिथे दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ बोटींना परवानगी असते, सकाळी पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात, माइकवरून माहिती सांगतात, आणि मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज तासभर थांबून हळूहळू गोल फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूंना दिसावं म्हणूनच. साधारण दीड किलोमीटर रुंद बर्फाची भिंत, पाण्याच्या वर तिची उंची अडीचशे फुटांच्या आसपास, आणि मधेच कडा तुटून पाण्यात पडतो, पडलेला आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो.

काकांना हे आधीच सांगून ठेव, चाळीस वर्षं भूगोल शिकवलाय त्यांनी, खूश होतील: १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेने तो किनारा मोजला तेव्हा ही खाडी जवळपास नव्हतीच, सगळा बर्फ, तोंडाशी आठेक किलोमीटरचा खळगा फक्त. १८७९ मध्ये जॉन म्युअर हा निसर्गअभ्यासक तिथे पोचला तोपर्यंत बर्फ पन्नासेक किलोमीटर तरी मागे सरकला होता. आज तुमचं जहाज जिथून जाणार ते पाणी १७९४ मध्ये बर्फ होतं. अडीचशे वर्षं पण झालेली नाहीत.

बाल्कनी घ्यावी का, हा वहिनींचा प्रश्न रास्त आहे, फरक बराच पडतो पैशांत. कॅरिबियनला जात असतास तर मी म्हटलं असतं सोड, दिवसभर पूलवरच असणार. पण अलास्काला वरच्या उघड्या डेकवर वारा बोचतो, ग्लेशियरच्या दिवशी कठड्याला चार रांगा लागतात, आणि काकू तिथे तासभर उभ्या राहू शकणार नाहीत. बाल्कनीत शाल घेऊन खुर्चीत बसतील, थंडी वाजली की आत. आणि जूनमध्ये जुनोला सूर्य रात्री दहाला मावळतो, म्हणजे जेवण झाल्यावर पण बघायला उजेड असतो. व्हेल दिसला तर बोनस, आणि तो बहुतेक आपण चहा ओतत असतानाच दिसतो.

पण मग तुम्हा दोघांना पण बाल्कनी कशाला? काका-काकूंना चांगली मधली बाल्कनी घे, आणि तुम्ही कॉरिडॉरच्या पलीकडची, त्यांच्या दाराच्या समोरची आतली खोली घ्या, बिनखिडकीची. झोपायला आणि आंघोळीला तेवढी पुरे. गेस्ट सर्व्हिसला सांगितलं की त्यांच्या खोलीची जास्तीची किल्ली बहुतेक देतात, दिवसभर चौघं एकाच बाल्कनीत बसा. आमच्याकडे आलेल्या कितीतरी आईवडिलांनी असंच केलंय. वाचलेल्या पैशांत जुनोची व्हेल बघायची बोट होईल.

बाल्कनी घेताना एवढं बघच. लाइफबोटीच्या वर किंवा मागे असेल तर नकाशात ऑब्स्ट्रक्टेड असं चिन्ह असतं, ते बारीक अक्षरात असतं, आणि "थोडंसं" ऑब्स्ट्रक्टेड म्हणजे बसल्यावर समोर नारिंगी बोट. कठडा काचेचा आहे का पत्र्याचा ते पण बघ, काही जहाजांवर काही खोल्यांना बंद पत्रा असतो, मग खुर्चीत बसून काहीच दिसत नाही, आणि काकू तर बसूनच बघणार. तिसरं म्हणजे छप्पर. प्रिन्सेस कंपनीच्या ग्रँड क्लासच्या बोटींवर बाल्कन्या पायऱ्यांसारख्या आहेत, खालचे डेक जास्त बाहेर आलेले. कॅरिबे डेकवर बाल्कनी मोठी आणि अर्धी झाकलेली, डॉल्फिन डेकवरच्या मिनी-सूटची सगळी उघडी, वरून लोकांना आपलं ताट दिसतं. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, रत्नागिरीच्या तोडीचा, फक्त तो बाराही महिने पसरलेला. त्यामुळे अर्धं तरी छप्पर हवंच. आणि सेलिब्रिटी कंपनीच्या एज बोटीवर "इन्फिनिट व्हरांडा" म्हणून विकतात ती खरी बाल्कनी नाही, खोलीचीच मोठी काच बटणाने अर्ध्यापर्यंत खाली येते. काहींना आवडते, मला नाही.

तिसरा ऑप्शन, मागच्या टोकाचा, खरं सांगू तर मला स्वतःला तोच आवडतो. वारा कमी लागतो, दोन्ही किनारे दिसतात. पण इंजिन-पंख्याची थरथर असते आणि काकूंना ती रोजची चाल. ती आपण दोघं कधीतरी गेलो तर घेऊ.

एजंट "गॅरंटी" नावाची स्वस्त स्कीम सांगेल, त्यात कॅटेगरी नक्की पण खोली कंपनी देईल ती. दोन पोरं असती तर घे म्हटलं असतं. यांच्यासाठी नाही, नंबर स्वतः निवडायचा. माझं मत विचारशील तर नवव्या-दहाव्या डेकवर, मधल्या लिफ्टपासून जरा मागे.

काकूंना सांग की इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायचा रॉड, उदबत्ती, निरांजन काही चालत नाही, बॅग तपासताना काढून घेतात. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, हे दोनदा सांग. आणि बाल्कनीचं दार उघडं असताना खोलीचं दार उघडलं की असा वारा सुटतो की बोटं चेमटतात, दार हाताने धरायचं.

एक महत्त्वाचं, एजंट बोलला नसेल. बोट परत येताना कॅनडात व्हिक्टोरियाला थांबते. १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे, अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतणाऱ्या परदेशी झेंड्याच्या जहाजाला मधे परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून तुम्हा चौघांना भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागेल आणि अमेरिकेचा मल्टिपल एंट्रीवाला. बायोमेट्रिकला वेळ लागतो, आत्ताच अर्ज टाक, केबिन एक वेळ नंतर.

डिपॉझिट भरायच्या आधी मला केबिन नंबर पाठव, शनिवारी बसून वरचे-खालचे डेक बघून सांगतो. काका-काकूंना नमस्कार, आणि काकूंना म्हणावं भाजणी आणा, थालीपिठं आमच्याकडे करू, जहाजावर नाही.

तुझा,
बाळ्या