पन्हळीचं पाणी

गुहागर, 18 डिसेंबर

प्रिय अव्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. वाडीत शिपणं सुरू झालंय आणि काका एकटे पडतात. सकाळी पाट सोडायचा, एक आळं भरलं की माती ओढून पाणी पुढच्या पोफळीला द्यायचं. जेवण झालं की मग रात्रीपर्यंत माझा तारा.

गावात बसून, दुर्बिणीशिवाय कसलं संशोधन, असं तू विचारलंस. अरे, क्ष-किरण आपली हवा खाली येऊच देत नाही, त्यामुळे इथे दुर्बीण असती तरी काही दिसलं नसतं. युरोपची एक्सएमएम-न्यूटन ही क्ष-किरण दुर्बीण 1999 च्या डिसेंबरात अवकाशात गेली. तिची जुनी निरीक्षणं कुणालाही उतरवून घेता येतात. मी चिपळूणला जाऊन घेऊन आलो. फाइल उघडली की नुसती यादी: अमुक क्षणी क्ष-किरणांचा एक कण आला, त्याची ऊर्जा इतकी. मग पुढचा.

माझा तारा ईएक्स हायड्री. वासुकी तारकासमूहात, सुमारे 185 प्रकाशवर्षांवर. खरं तर ही जोडी आहे. एक श्वेत बटू, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, आकाराने पृथ्वीच्या आसपास पण वजनाने सूर्याच्या 0.79 पट, आणि शेजारी एक छोटा तांबडा तारा. 98 मिनिटांत दोघांची एक फेरी पुरी होते! तांबड्याचा वायू बटूकडे ओढला जातो आणि भोवऱ्यासारखा फिरत राहतो. बटूच्या जवळ आला की चुंबकीय क्षेत्र त्याला धरतं. तिथून पुढे तो पाटातल्या पाण्यासारखा, बांध नेईल तिकडे, म्हणजे ध्रुवांकडे जातो. शौरी तारकासमूहातल्या एएम हर्क्युलिस या अशाच जोडीत बटूचं चुंबकीय क्षेत्र तर कोटीहून जास्त गौस, तिथे भोवरा बनतच नाही. (गौस हे चुंबकीय क्षेत्राचं माप. आपल्या पृथ्वीचं अर्धा गौस धर.)

सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पडणारा वायू पृष्ठभागाच्या जरा वर अडतो, दहा कोटी अंशांच्या वर तापतो आणि क्ष-किरण फेकतो. त्यात लोखंडाच्या तीन रेषा दिसतात, म्हणजे तीन ठरावीक ऊर्जांचे कण जास्त येतात. 6.7 आणि 6.97 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या रेषा 26 पैकी 24-25 इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या. तिसरी, 6.4 ची, मला सगळ्यांत आवडते. ती खालच्या थंड पृष्ठभागावरच्या लोखंडाची, वरून पडलेल्या उजेडाने चमकलेल्या.

बटू स्वतःभोवती 67 मिनिटांत फिरतो. परवा रात्री ती सगळी यादी 67 मिनिटांच्या घड्या घालून एकावर एक रचली, आणि स्वच्छ एक उंचवटा उभा राहिला. कमी ऊर्जेच्या कणांत तो जास्त ठळक, कारण खाली पडणाऱ्या वायूचा पडदा आधी तेच गिळतो. मी आईला झोपेतून उठवून दाखवलं.

पण बटूचं वजन जमेना. वायू किती तापला यावरून तो किती वेगाने आदळला ते कळतं आणि त्यावरून बटूचं वजन. माझं उत्तर येई सूर्याच्या जेमतेम अर्धं. जुन्या क्ष-किरण हिशेबांतही साधारण तेवढंच आलेलं, आणि ताऱ्यांच्या फिरण्यावरून मात्र 0.79. आठवडाभर मी चूक शोधत होतो.

काल नव्या रोपांना पोफळीच्या पन्हळीने पाणी देत होतो. काका ओरडले, "वर कशाला धरलीस? मूळ उघडं पडेल. खाली घे." खाली घेतली. पाणी तेच, पण मघाशी मातीत खड्डा पाडत होतं ते आता नुसतं पसरलं. मी पन्हळ हातात धरून तसाच उभा राहिलो. हिशेबात मी वायू अनंत अंतरावरून पडतो असं धरलं होतं, आणि या बटूचं चुंबकीय क्षेत्र तर दुबळं! भोवरा पार जवळ येतो आणि वायू थोड्याच उंचीवरून पडतो. कमी वेग, कमी ताप, म्हणून वजन कमी वाटतं. हे स्पष्टीकरण मी लेखांत दोनदा वाचलं होतं रे, पण डोक्यात शिरलं ते काल.

आता उंची घालून पुन्हा मांडतोय. रात्री दीडपर्यंत आकडा 0.7 च्या जवळ सरकला होता.

शिमग्याला नक्की ये. पालखी नाचवून झाली की मध्यरात्री किनाऱ्यावर जाऊ. दक्षिणेला वासुकीची शेपूट वर आलेली असते. तारा डोळ्यांना दिसणार नाही, जागा दाखवीन.

तुझा,
नंदू