गुरुपुरब: कडा प्रसाद वाटणाऱ्या सेवेकऱ्यांसाठी सूचना

सर्व सेवेकरी बंधू-भगिनींना सत् श्री अकाल.

कार्तिक पौर्णिमेला गुरू नानकदेवजींचा प्रकाश पुरब (जन्मोत्सव) आहे. ज्यांनी कडा प्रसादाच्या (गुरुद्वाऱ्यात वाटल्या जाणाऱ्या कणकेच्या शिऱ्याच्या) सेवेसाठी नाव दिले आहे, त्यांनी सकाळी ७ वाजता घरून आंघोळ करून गुरुद्वाऱ्यात यावे.

पोशाख : पुरुषांनी धुतलेला कुर्ता-पायजमा घालावा व दस्तार (पगडी) बांधावी, दस्तार बांधत नसल्यास पटका (डोक्याला बांधायचे कापड). भगिनींनी सलवार-कमीज किंवा साडी नेसावी, डोके चुन्नीने वा पदराने झाकावे. पदर सारखा घसरतो आणि तो सावरायला प्रसादाचा हात डोक्याकडे जातो, म्हणून पिन लावूनच या.

स्वच्छता : नखे कापलेली हवीत. अंगठ्या व घड्याळ काढून ठेवा, हातातला कडा (शीख घालतात ते लोखंडी कडे) राहू द्या. जोडे ठेवल्यावर हात-पाय धुवा. नंतर मोबाईलला, नाकाला किंवा केसांना हात लागला, तर पुन्हा हात धुऊनच बाट्याला (प्रसादाच्या भांड्याला) हात लावा.

कणीक, साखर आणि तूप समभाग घेऊन, गुरबाणी (गुरूंची पवित्र वचने) म्हणत हा प्रसाद शिजतो. भोग लागण्यापूर्वी चव घेऊ नये. अरदास (प्रार्थना) होऊन प्रसादाला कृपाण लागली की आधी पंज प्यारे (खालसा पंथातले पाच प्रिय) यांचा वाटा काढावा, मगच संगतीत (जमलेल्या भाविकांत) वाटप सुरू करावे.

वाटताना घाई नको. समोरच्याची ओंजळ नीट जुळेपर्यंत थांबा, तुपामुळे प्रसाद सटकतो. ओळखीचा असो वा अनोळखी, सर्वांना सारखाच द्या. या सेवेत भेदभाव अजिबात चालणार नाही.

सर्दी-खोकला किंवा हाताला जखम असलेल्यांनी त्या दिवशी जोडाघराची (जोडे सांभाळण्याच्या जागेची) सेवा घ्यावी, आणि तसे आदल्या संध्याकाळपर्यंत कळवावे.