केसपेपर हातात, पण जायचे कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या रुग्णालयांत नावनोंदणी, डॉक्टरांची वेळ, रक्ताचे रिपोर्ट असे बरेच काही आता मोबाइलवर आले आहे. त्याच ओघात इमारतीत वाट दाखवणारी ॲप आणि प्रवेशद्वाराशी टचस्क्रीनवरचे नकाशेही बसू लागले आहेत. परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी ओपीडी आणि वॉर्डात गेली, त्यामुळे या सोयीचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच ती कशी असावी, याबद्दल लिहावेसे वाटले.

रुग्णालयात वाट चुकणे ही किरकोळ बाब समजली जाते. अमेरिकेत अटलांटा येथील एमरी विद्यापीठाच्या रुग्णालयाचा या दृष्टीने अभ्यास झाला आणि तो १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. चौकशी खिडकीवर नसलेल्या, म्हणजे ज्यांचे ते कामच नव्हते अशा कर्मचाऱ्यांचे वर्षाकाठी ४,५०० हून अधिक तास लोकांना रस्ता सांगण्यात जात होते आणि एकूण भुर्दंड वर्षाला २,२०,००० डॉलरच्या वर होता. वॉर्डात काम केलेल्या कोणालाही हे पटेल. इंजेक्शनची ट्रॉली घेऊन निघालेल्या नर्सला, स्ट्रेचर ढकलणाऱ्या वॉर्डबॉयला लोक थांबवून विचारतात, कारण विचारायला दुसरे कोणी दिसत नाही. त्यांचे चुकत नाही. उपाशीपोटी तपासणीसाठी आलेला, ताप किंवा वेदना अंगावर असलेला माणूस पाट्या वाचत फिरणार तरी किती?

वयस्कर रुग्णांची अडचण आणखी खोल आहे. आपण कुठे आहोत याचे भान मेंदूला ज्या पेशी देतात, त्यांच्या शोधासाठी जॉन ओकीफ, माय-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतल्या काही पेशी मेंदूच्या ज्या भागात सापडल्या, त्याच भागाला अल्झायमरची झळ फार लवकर बसते. अशा माणसाला ‘सरळ जा, मग डावीकडे, मग दुसरा जिना’ एका दमात सांगितले, तर पहिल्या वळणानंतरचे काही उरत नाही. त्याला एका वेळी एकच खूण सांगावी लागते.

आता तंत्राकडे येते. मोबाइलचे जीपीएस इमारतीत फारसे उपयोगी पडत नाही. सुमारे २०,००० किलोमीटरवरच्या उपग्रहांचा क्षीण संदेश स्लॅब आणि भिंतींतून धड पोहोचत नाही, आणि मजल्याचा अंदाज त्याहून कच्चा असतो. म्हणून छताला किंवा भिंतीला ब्लूटूथचे छोटे बीकन, म्हणजे सतत संदेश सोडणारी बॅटरीवरची यंत्रे, लावतात, नाहीतर वाय-फायच्या संदेशावरून जागा ओळखतात. त्यात काही मीटरची चूक राहतेच. बाजारात काही मीटर इकडेतिकडे चालून जातात, पण रुग्णालयात तेवढ्यात पलीकडचा कॉरिडॉर येतो. शिवाय बीकनची बॅटरी संपते आणि ती बदलणारे कोणी लागते. माझ्या मते त्यापेक्षा प्रत्येक वळणावर आणि लिफ्टच्या दाराशी लावलेला साधा क्यूआर कोड अधिक भरवशाचा. १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो वेव्हने मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी तो बनवला. तो जिथे चिकटवला, ती जागा पक्की असते. स्कॅन केला की ‘तुम्ही इथे आहात’ हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. ही ॲप उघडली की पहिला प्रश्न येतो, ‘कुठे जायचे आहे?’ रुग्णाला नेमके तेच ठाऊक नसते. केसपेपरवर लिहिलेले असते ‘सोनोग्राफी’, ॲपच्या यादीत असते ‘रेडिऑलॉजी’. आधी नोंदणी, मग रक्त, मग सोनोग्राफी, मग परत डॉक्टरांकडे, असा त्याचा दिवस असतो. तो क्रम रुग्णालयाच्या संगणकात आधीच असतो, कारण तपासण्या डॉक्टरांनीच लिहिलेल्या असतात. मग मोबाइलवर संदेश यावा तो असा: ‘आता तळमजला, लिफ्टमधून बाहेर पडून उजवीकडे, सोनोग्राफी. लघवी रोखून ठेवा. झाल्यावर पुन्हा याच डॉक्टरांकडे.’ एक काम झाले की पुढचे. लिंकला हात लावताच ती उघडावी. ॲप उतरवणे, पासवर्ड, ओटीपी यांची अट नसावी. ज्याच्याकडे मोबाइल नाही, त्याला हीच वाट मोठ्या अक्षरांत कागदावर छापून मिळावी. आणि चौकशी खिडकीवरचा माणूस काढून तिथे टचस्क्रीन बसवू नये, ही कळकळीची विनंती.

व्हीलचेअरवरच्या रुग्णाला जिन्याची वाट दाखवून काय उपयोग? लिफ्ट बंद पडली, तर तिथल्या कर्मचाऱ्याला तो बदल त्याच क्षणी नोंदवता यायला हवा. दृष्टिबाधितांना आवाजाने वाट दाखवण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे एफ.९२१ हे मानक २०१७ पासून आहे. निविदा काढताना त्याची अट घालणे अवघड नाही.

खासगीपणाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. रुग्णालयात माणूस कोणत्या दारापाशी थांबला, यावरून त्याचा आजार कळतो. कर्करोग विभाग, मानसोपचार, एचआयव्हीचे समुपदेशन या दारांची नोंद कोणत्याही कंपनीच्या हाती जाता कामा नये. वाट विचारण्यासाठी नाव आणि फोन नंबर मागूच नये, आणि फिरल्याची नोंद त्याच दिवशी पुसावी.

विभाग सतत हलतात. दुरुस्ती निघते, खोल्यांचे क्रमांक बदलतात, रात्री काही दारे बंद होतात. उद्घाटनानंतर नकाशा कोण बदलणार, हे करारात लिहिलेले नसेल, तर काही महिन्यांत तो रुग्णाला कुलूप लावलेल्या दारापाशी नेऊन सोडेल. प्रत्येक रुग्णालयाने हे काम एका ठरावीक कर्मचाऱ्याकडे द्यावे आणि त्याच्या कामाच्या वेळेत त्यासाठी जागा ठेवावी. पैसे मोजण्याआधी, इमारतीत प्रथमच आलेल्या काही रुग्णांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या हाती ही सोय देऊन, ते कुठे अडतात हे रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्याबरोबर चालत पाहावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका