उंची वाढली म्हणून बूस्टर नको

महोदय,
माझी नात चार वर्षांची, पण अंगानं उंच. अंगणवाडीत सहाची वाटते. लेक म्हणाली, "आता बूस्टर सीट घेऊ." म्हणजे लेकराला उंच बसवून गाडीचाच पट्टा लावायची सीट. आधी गाडीतल्या तिच्या सध्याच्या, स्वतःचे पट्टे असलेल्या सीटवरचं लेबल वाचलं. वजन-उंचीची मर्यादा अजून बाकी होती, खांदेही पट्ट्यांच्या सर्वांत वरच्या खाचेखालीच. मग घाई कशाला?

शिवाय दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर लेकरू हमखास झोपते आणि कलंडते. बूस्टरमध्ये गाडीचा पट्टा खांद्यावरून नीट राहायला मुलाने सरळ बसावं लागतं. नुसता कमरेचा पट्टा असलेल्या जागी तर बूस्टर लावूच नये. सीट लहान पडलीच, तर पट्ट्यांचीच मोठी सीट घेऊ.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना नेल्यास १००० रुपये दंड आहे. तरी लग्नाला जाताना लेकरं मांडीवरच दिसतात. जीव कळवळतो.

— एक आजी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ