दलाल राहू द्या, पण चिठ्ठीवर पूर्ण भाडे लिहा

मा. संपादक महोदय,

ट्रकच्या धंद्यातून, गाडीला भाडे मिळवून देणाऱ्या दलालांना हद्दपार करा, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यांचा राग मला कळतो, आमच्या घरातही तो आहे. आमची एक दहा चाकी गाडी आहे. माझे मिस्टर ती स्वतः चालवतात. हिशेबाची वही, बँकेचा हप्ता, विमा, पोच (माल मिळाल्याची पावती) पाठवणे आणि बाकीच्या पैशांसाठी फोन करणे हे सगळे मी नागपूरच्या वाडीतल्या घरी बसून बघते. तरीही दलाल नकोच, हे म्हणणे मला पटत नाही.

नागपुरातून गाडी भरणे एक वेळ सोपे. उत्तर-दक्षिण ४४ आणि पूर्व-पश्चिम ५३ असे दोन राष्ट्रीय महामार्ग इथे येऊन मिळतात, आणि बुटीबोरी, हिंगणा, कळमना इथे आमची ओळखही आहे. पण गाडी चेन्नईला खाली झाली की तिथे आम्हाला कोण विचारतो? भाषा येत नाही, कारखान्याच्या गेटवर अनोळखी गाडीवाल्याला कोणी उभे करत नाही. लाखोंचा माल त्याच्या हवाली करायचा तर मध्ये कोणीतरी जामीन राहणारा लागतो, आणि तो दलाल असतो. गाडीचे कागद तोच तपासतो, पोचल्यावर माल कमी भरला तर माल देणारी पार्टी आधी त्यालाच धरते. परतीचे भाडे मिळाले नाही तर गाडी डिझेल जाळत रिकामी येते. देशातले बहुसंख्य ट्रक आमच्यासारख्या एक-दोन, फार तर चार-पाच गाड्यांच्या मालकांचे आहेत. त्या प्रत्येकाने गावोगावी आपापली गिऱ्हाइके शोधावीत, हे होणार आहे का? विजयवाड्याच्या अलीकडे आमच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता, तेव्हा रात्री मिस्त्री पाठवून त्याचे पैसे आधी स्वतःच्या खिशातून देणारा माणूस दलालच होता. त्याची दलाली द्यायला माझी कधीही ना नाही.

माझी तक्रार दलाल भाडे ठरवून देतो त्या चिठ्ठीबद्दल आहे. आत्ता एक माझ्यासमोर आहे. माल १८ टन, टनाला २,५०० रुपये, भाडे ४५,०००. ॲडव्हान्स ३६,०००. बाकी ९,०००, पोच आल्यावर. त्याखाली पेनाने दलाली, मुनशियाना (मुनीमाचे पैसे), हमाली आणि शेवटच्या ओळीत नुसते ‘इतर’. माल देणाऱ्या पार्टीने टनाला किती दिले, ते या कागदावर कुठेच नाही. पुष्कळदा मध्ये एकच माणूस नसतो. कारखान्याचे काम मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे, बिल्टी (मालाची पावती) त्याची. तो एका दलालाकडे गाडी मागतो, तो दुसऱ्याकडे, आणि मग फोन आमच्याकडे येतो. आंबिया बहाराची संत्री निघाली की काटोल, नरखेड, वरूडकडे गाड्यांची ओढाताण सुरू होते आणि भाडी चढतात. त्या चढलेल्या भाड्यातले आमच्यापर्यंत किती पोचले, हे आम्ही कशावरून ओळखायचे? मंदी आली की भाव पडल्याची बातमी मात्र त्याच दिवशी कळते.

त्याहून जास्त त्रास बाकी रकमेचा. ॲडव्हान्स डिझेल, टोल आणि रस्त्याच्या खर्चात संपतो. फेरीतून घरात जे काही यायचे ते या ९,००० मधूनच. सही-शिक्क्याची पोच कुरिअरने पाठवली की मी फोन करायला लागते. दलाल म्हणतो, ‘पार्टीचं पेमेंट नाही आलं ना वहिनी, मी तरी कुठून देऊ?’ पार्टीने खरेच थकवले असेल तर दलालही अडचणीत असतो, हे मी जाणते. पण पार्टीने कधीचे दिले आणि ते पैसे दुसरीकडे फिरताहेत, असेही होते. आणि यातले खरे काय, हे बघायला आमच्याजवळ काहीच कागद नाही. भांडावे तर पुढचे भाडे त्याच्याकडूनच यायचे असते.

कायदा नाही असेही नाही. ‘कॅरेज बाय रोड’ कायदा २००७ मध्ये झाला, २०११ पासून लागू आहे. त्यात ‘कॉमन कॅरियर’च्या व्याख्येत बुकिंग कंपनी आणि एजंट यांच्यासोबत दलालाचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी केल्याशिवाय हा धंदा करता येत नाही. माझ्या फाइलीत जपून ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर मी असा नोंदणी क्रमांक शोधला. बहुतेकांवर फक्त मोबाइल नंबर आणि वर ‘श्री गणेशाय नमः’. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने नोंदणीकृत छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. पण एका गाडीचा मालक ज्याच्यावर तक्रार करील त्याच्याच दारात उद्या गाडी कशी लावेल?

माझी भाची आयटी पार्कजवळच्या एका ऑफिसात रात्रपाळी करते. अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांसाठी इथे बसून तिथली भाडी शोधते, दिवसभर नव्हे, रात्रभर तिथल्या दलालांशीच बोलते. तिच्याकडून कळले की तिथे लायसन्सशिवाय दलाली करता येत नाही आणि प्रत्येक दलालाला ७५,००० डॉलरची हमी ठेवावी लागते. २०१३ पूर्वी ती १०,००० होती. दलालाने भाडे बुडवले तर ट्रकवाला त्या हमीवर दावा करतो. पार्टीने किती दिले आणि दलालाने किती ठेवले याची नोंद तीन वर्षे जपावी लागते, आणि ती पाहण्याचा हक्क ट्रकवाल्याला आहे. पुष्कळ दलाल करारातच हा हक्क सोडून द्यायला लावतात, तेही तिने सांगितले. निदान सोडायला लावण्यासारखा हक्क तिथे आहे. आपल्याकडे जास्तीचे भाडे विचारले तरी ‘गाडी लावायची तर लावा’ असे उत्तर मिळते.

नागपूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाला माझी विनंती आहे की वाडी आणि कापसीच्या बुकिंग ऑफिसांत जाऊन नोंदणी तपासावी आणि तो क्रमांक प्रत्येक चिठ्ठीवर छापायला लावावा. शहरातल्या वाहतूकदार संघटनांनी सगळ्यांसाठी एकच छापील चिठ्ठी ठरवावी. तीत पार्टीचे भाडे, दलाली आणि बाकी देण्याची तारीख या तिन्ही गोष्टी गाडी भरण्याआधी लिहिल्या जाव्यात, खाली दोघांच्या सह्या असाव्यात, आणि ‘इतर’ची ओळ त्यात नसावी. जे दलाल सचोटीने धंदा करतात, आणि वाडीत असे बरेच आहेत, त्यांना यात लपवण्यासारखे काही नाही. डिझेल आणि टोलवर संघटनांच्या बैठकांत ठराव होतात, तसा एक या चिठ्ठीवर व्हावा. नमुना मी तयार करून ठेवला आहे, कोणत्याही संघटनेने मागितला तर आणून देईन.

– एका ट्रकमालकाची पत्नी, वाडी, नागपूर

(आमची भाडी याच बाजारातून येतात, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)